ऊन पाण्याचे झरे

चुलीवर ठेवल्याशिवाय पाणी तापत नाही, हे आपण रोज पाहतो. पण काही ठिकाणी जमिनीतूनच गरम पाणी वर येते. तिथे ना चूल, ना लाकूड. मग ते पाणी तापवते कोण?

नागपूरकडून यवतमाळ जिल्हा ओलांडला की पैनगंगा नदी लागते. नदीपलीकडे नांदेड जिल्हा. तिथे किनवट तालुक्यात उनकेश्वर हे गाव आहे. भोवती डोंगर आणि सागाचे जंगल. गावात महादेवाचे देऊळ आणि ऊन पाण्याचे कुंड आहे. ऊन म्हणजे गरम. ते नावातच दिसते. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला उनपदेव आहे. तिथेही असाच झरा आहे. कोकणात तर अशा झऱ्याला ‘उन्हाळे’च म्हणतात.

कुणी म्हणेल, "खाली आग पेटली असेल, दुसरं काय!" पण तसे नाही. डोंगरावर पाऊस पडतो. झाडांचा पाला आणि मुळ्या त्या पाण्याला अडवतात. पाणी मातीत मुरते. मग खडकाच्या भेगांतून खाली खाली जाते. जमिनीत जितके खोल जावे, तितका खडक गरम लागतो. एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण २५ अंशांनी वाढते. कुठे कमी, कुठे जास्त. त्या खडकाने पाणी तापते. तापलेले पाणी हलके होते. मोठी भेग सापडली की ते वर येते. तोच आपला झरा.

म्हणजे आज कुंडात दिसते ते पाणी कित्येक वर्षांपूर्वी पडलेला पाऊस आहे. डोंगर उजाड झाला, तर पाणी मुरणार कसे? ते माती घेऊन वाहून जाईल. त्याचा पहिला फटका आपल्याच विहिरींना बसेल.

या पाण्यात खडकातले क्षार उतरतात. काही झऱ्यांना गंधकाचा वास येतो. अंग शेकले की सांध्यांना बरे वाटते. कातडीचे रोग जातात, असे लोक मानतात. पण इथे सावध राहा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अंघोळीने तो जात नाही. शिवाय बधिर कातडीला चटका कळत नाही. माणूस भाजतो, तरी त्याला पत्ता लागत नाही. सरकारी दवाखान्यात याचे औषध फुकट मिळते. पुरते दिवस गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. उशीर केला तर हातापायांना व्यंग येते.

तेव्हा कुंडावर जरूर जा. आधी पाणी बेताचे आहे ना, ते पाहा. मगच उतरा. तिथे साबण लावू नका, कपडे धुऊ नका. झऱ्याला हात जोडा, डोंगरावरचे झाड राखा आणि रोगासाठी दवाखाना गाठा.