आभाळ आलंय... पण जाड किती?

पाऊस म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिंजवडीचं ट्रॅफिक, लॅपटॉपच्या बॅगेवर घातलेली प्लास्टिकची पिशवी, कांदाभजी आणि वीकएंडला ताम्हिणी. ढग आले म्हणजे पाऊस येणार, इतकं आपलं सरळ गणित!

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं गणित मात्र वेगळं आहे. ती मूळची बीड जिल्ह्यातल्या आष्टीची, नोकरी पुण्यात, आयटीमध्ये. जून लागला की लंच ब्रेकमध्ये बाकीचे रील्स बघतात, तेव्हा ही हवामान खात्याच्या साइटवरचं उपग्रहाचं चित्र उघडते आणि घरी फोन लावते. "पप्पा, आपल्यावर पांढरं दिसतंय!" पलीकडून उत्तर ठरलेलं: "दिसतंय गं. पण पातळ हाये."

मला यात गंमत वाटायची. मग कळलं, की दोघंही खरंच बोलतायत. फरक इतकाच, की उपग्रह ढगाकडे वरून बघतो आणि काका खालून. आणि शास्त्रज्ञांना पडलेला प्रश्नही काकांचाच आहे: ढग आहे हे दिसलं, पण तो जाड किती?

एक फोटो, दोन युक्त्या

आपले इन्सॅट-3डीआर (2016) आणि इन्सॅट-3डीएस (2024) हे उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवरून देशावर नजर ठेवून असतात. त्यांना दिसतो तो ढगाचा फक्त माथा. गच्चीवरून छत्र्या बघाव्यात तसं! मग जाडी कशी काढायची?

पहिली युक्ती उजेडाची. पातळ ढगातून ऊन आरपार जातं, म्हणून तो वरून करडा दिसतो. जाड ढग ऊन परत फेकतो, म्हणून पांढराशुभ्र. थेंब किती मोठे, हे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावरून कळतं, कारण मोठे थेंब तो जास्त शोषून घेतात. चकाकी आणि थेंबाचा आकार, दोन्ही हातात आले की ढगात पाणी किती, याचा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब मी कागदावर करून बघितला आणि गार पडले. बऱ्यापैकी पांढरा दिसणारा एखादा बुटका ढग घ्या, ज्यातल्या थेंबांची त्रिज्या 10 मायक्रॉन आहे. त्यात एका चौरस मीटरवर पाणी निघतं साधारण 100 ग्रॅम, म्हणजे अर्धा कप चहाइतकं! ते सगळंच्या सगळं खाली पडलं, तरी पाऊस होईल 0.1 मिलिमीटर. अशा ढगाची जाडी येते 300 मीटरच्या आसपास. जाडी दुप्पट झाली तर पाणी मात्र जवळपास चौपट होतं. जाडीला एवढं महत्त्व का, ते इथे कळतं.

दुसरी युक्ती तापमानाची. उंच जावं तसं गार होत जातं, म्हणून ढगाचा माथा किती गार, यावरून त्याची उंची कळते. ढगाचा तळ जमिनीवरच्या हवेवरून काढता येतो. समजा, खाली तापमान 29 अंश आहे आणि हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं 21 अंशांना. मग तळ साधारण 1 किलोमीटरवर येतो आणि तिथे असतात 19 अंश. माथा 14 अंशांचा निघाला, तर ढग अंदाजे 1 किलोमीटर जाड. झालं!

आष्टीवरच घोडं अडतं

गेल्या जुलैत मैत्रिणीबरोबर एसटीनं आष्टीला गेले. महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बीड जिल्ह्यात 600 च्या आसपास. सह्याद्री ओलांडताना वाऱ्याचं बरंचसं पाणी घाटावरच उतरतं. पुढे येतात ते पिंजलेल्या कापसासारखे छोटे, बुटके ढग. सावली देतात आणि पुढे निघून जातात.

याच ढगांना उपग्रह फसतो. तापमान मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 4 बाय 4 किलोमीटर. त्यात अर्धा ढग आणि अर्धं तापलेलं रान आलं, की दोन्हींची सरासरी निघते आणि ढग आहे त्याहून उबदार, म्हणजे बुटका वाटतो. शिवाय पावसाळ्यात खूप उंचावर बर्फाच्या कणांचे झिरझिरीत ढग पसरतात. वरून दिसतात तेच, खालचे झाकले जातात.

ढगाच्या आत बघणारे रडारही अवकाशात आहेत. युरोप आणि जपाननं मे 2024 मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावर तसं रडार आहे. पण ते आपल्या वाटेखालची अरुंद पट्टीच बघतं आणि जमिनीलगतच्या ढगांत त्यालाही गोंधळायला होतं.

जाडीवरून किती अडतं, हे सोलापुरात दिसलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, 2018 आणि 2019 मध्ये तिथे विमानं आणि रडार घेऊन कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. त्यासाठी 1 किलोमीटरहून जाड आणि आणखी वाढतील असेच ढग निवडले. त्यातून ढगांच्या पुढच्या 100 चौरस किलोमीटर भागात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस मिळाला, असा निष्कर्ष 2023 मध्ये आला. पातळ ढगाला मात्र विमानानं कितीही खत घातलं, तरी त्यातून पाणी निघत नाही.

तुम्हीही बघा

साइटवर दोन चित्रं शेजारी उघडा, व्हिजिबल आणि इन्फ्रारेड. दोन्हीत पांढरं म्हणजे उंच, जाड ढग, छत्री काढा. फक्त इन्फ्रारेडमध्ये पांढरं म्हणजे वरचा झिरझिरीत पडदा. फक्त व्हिजिबलमध्ये पांढरं आणि इन्फ्रारेडमध्ये करडं, तर ढग बुटका आहे. आष्टीवर बहुतेकदा हाच! रात्री व्हिजिबल चित्र मिळत नाही, तेव्हा उगाच नेटवर्कला दोष देऊ नका.

आपली चूक झाली तर फार तर बूट भिजतील. काकांची झाली तर बियाण्याची दुसरी पिशवी, खत, मजुरी सगळं पुन्हा. दुबार पेरणी म्हणतात तिला. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं ते यासाठीच. आणि आपल्या बुटक्या ढगात असतो 0.1!

बांधावर उभं राहून मी काकांना मोबाइलवरची दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून निरखून बघितलं आणि विचारलं, "मंग, ह्याच्यात ओल दिसती का?"

नाही दिसत, म्हटलं. त्यांनी वाकून उडदाच्या वावरात बोटं खुपसली. पहिलं पेर ओलं होतं, दुसरं कोरडं.

"थांबू अजून," ते म्हणाले.