गोळीची झोप आणि हरवलेलीं स्वप्नें

काका निवर्तल्यापासून आमच्या घरांतील काकू झोपेला पारख्या झाल्या. रात्रीं दोन वाजतां उठून देवघरांत जपमाळ घेऊन बसावें, सुना चहा ठेवावयास उठतात तों ह्यांचे केरवारे आटोपलेले असावेत, असा क्रम तीन महिने चालला. अखेरीस डॉक्टरांनीं निजतांना घेण्यासाठीं अ‍ॅमिट्रिप्टिलीनची लहानशी गोळी दिली. झोप लागूं लागली. परंतु पंधरा दिवसांनीं काकू म्हणाल्या, "झोप येते रे, पण हे स्वप्नांत यायचे बंद झाले." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें ह्या विषयावर वाचन केल्यावर कळलें कीं, त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें असावें.

झोप ही एकजिनसी वस्तु नव्हे. जागृति, स्वप्न आणि सुषुप्ति ह्या अवस्था मांडूक्योपनिषदांत सांगितल्या आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे. (आमच्या पूर्वजांजवळ मेंदूंतील विद्युल्लहरी मोजण्याचें यंत्र होतें, असें मात्र आम्हांस सुचवावयाचें नाहीं!) १९५३ सालीं शिकागो विद्यापीठांतील अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनीं दाखवून दिलें कीं, निजलेल्या माणसाचे डोळे मिटल्या पापण्यांआड मधून मधून झपाट्यानें फिरतात, आणि त्या वेळीं जागें केलें असतां तो बहुधा स्वप्न सांगतो. ह्या अवस्थेस 'रेम' निद्रा म्हणतात. प्रौढ मनुष्य सुमारें ९० मिनिटांच्या फेऱ्यांनीं हलकी झोप, गाढ झोप व रेम ह्यांतून जात असतो. गाढ झोप पूर्वरात्रीं अधिक, रेम उत्तररात्रीं अधिक.

अ‍ॅमिट्रिप्टिलीन हें मूळचें विषण्णतेवरील औषध. मेंदूस जागें ठेवणाऱ्या हिस्टॅमीनचें कार्य तें अडवितें, म्हणून गुंगी येते. पण त्याबरोबरच तें रेमला उशीर लावतें व तिचें प्रमाणही घटवितें. तथापि ह्या वर्गांतील सर्व औषधें एका माळेचे मणी नव्हेत. ट्रॅझोडोन गाढ झोप वाढवितें आणि रेमला फारसें शिवत नाहीं. मिर्टाझापीनची तऱ्हा बरीचशी तीच, मात्र तें भूक व वजन वाढवितें. डॉक्सेपीन ३ किंवा ६ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेंत जवळ जवळ केवळ हिस्टॅमीनलाच आडवें येतें. झोपेची घडण फारशी मोडत नाहीं.

ह्यावरून ट्रॅझोडोन सर्वांत उत्तम, असा निष्कर्ष कोणी काढील. पण यंत्राच्या कागदावर गाढ झोप वाढली म्हणजे सकाळीं मनुष्य ताजातवाना उठतोच असें नाहीं. अमेरिकेंतील निद्राशास्त्रज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं निद्रानाशावर ट्रॅझोडोन न देण्याचीच सूचना केली. मध्यरात्रीं वारंवार जाग येणाऱ्यांस अल्प मात्रेंतील डॉक्सेपीन सुचविलें. आणि ह्या दोन्ही सूचनांमागील पुरावा दुबळाच आहे, हेंही प्रांजळपणें कबूल केलें. आम्हांस ही कबुली फार मोलाची वाटते.

इकडे काकूंनीं कोणास न विचारतां गोळी एकाएकीं बंद केली. तोंड कोरडें पडतें, शौचास साफ होत नाहीं, रात्रीं उठतांना घेरी येते, ह्या त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. वृद्धांस हें औषध ह्याच कारणांनीं जपून द्यावें लागतें. परंतु दडपलेली रेम औषध सुटतांच उसळून येते. तिसऱ्या रात्रीं काकूंच्या किंकाळीनें सारें घर जागें झालें. काका आले होते, पण पुरांत वाहून जातांना!

डॉक्टरांनीं गोळी पुन्हां सुरू करून कांहीं आठवड्यांत हळूहळू कमी केली. जोडीला नियम घालून दिले: उठण्याची वेळ रोज एकच, झोप येत नसतां अंथरुणांत पडून राहावयाचें नाहीं, दुपारची झोप बंद. हा शेवटचा नियम पाळवून घेतांना सुनांच्या नाकीं नऊ आले.

आतां रात्रीं एकदां जाग येतेच. काका कधीं कधीं येतात म्हणे, आणि चहांत साखर कमी आहे अशी तक्रार करून जातात.