घरची अंडी घरातही शिजू द्या

परसातल्या कोंबड्यांची अंडी बाजारच्या दिवशी टोपलीतून जातात आणि मुले मात्र चहा-बटर खाऊन शाळेला पळतात, असे किती घरांत चालते! भगिनींनो, आठवड्यातून दोनदा तरी त्यातली चार अंडी मागे ठेवा. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढत्या मुलांना (मुलींनाही, बरे का!) आणि दिवस गेलेल्या सुनेला ती हवीच.

अंडे आधी पाण्यात सोडून पाहावे. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने. तरंगले तर टाकून द्यावे. एकेक अंडे वेगळ्या वाटीत फोडावे, म्हणजे एखादे नासके निघाले तरी बाकीची वाचतात. बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमूटभर हळद व मीठ घालून चांगले फेटावे. तव्यावर थोडे तेल तापवून मंद आचेवर पसरावे आणि दोन्ही बाजूंनी पुरते शिजू द्यावे. कच्चट अंडे लहान मुलांना देऊ नये.

त्याच तव्यावर पाव तांबूस शेकून घ्यावा. गावात पाव मिळत नसेल तर अडू नका. रात्रीची ज्वारीची भाकरी कडक शेकावी. आम्हाला तर पावापेक्षा तीच अधिक रुचते.