डोलोमाइटचे औष्णिक विघटन आणि चुन्याची पारख

नांदेड व लातूर हे जिल्हे बहुतांशी काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. येथील बोलीत ‘चुनखडी’ म्हटले की काळ्या जमिनीतील पांढुरके खडे डोळ्यांसमोर येतात. परंतु चुनखडकालाही हाच शब्द लावला जातो. पैनगंगेपलीकडे यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत चुनखडकाबरोबर डोलोमाइटही सापडते. दोहोंचे रंगरूप सारखे असल्याने एकच नाव दोघांना चिकटण्याचा संभव असतो. भट्टीत मात्र त्यांचे वर्तन भिन्न असते.

शुद्ध चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटमध्ये कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट समरेणू प्रमाणात एकाच स्फटिकात गुंफलेले असतात. पूर्ण भाजल्यावर चुनखडकाचे वजन शेकडा ४४ ने, तर डोलोमाइटचे सुमारे ४८ ने घटते. ही घट म्हणजे निघून गेलेला कार्बन डायऑक्साइड, अर्थात जुन्या परिभाषेतील कर्बाम्लवायू होय.

भोवती हा वायू भरपूर असल्यास डोलोमाइटचे विघटन दोन टप्प्यांत होते. सुमारे ७५० ते ८०० अंश सेल्सियसला मॅग्नेशियमचा भाग आपला वायू सोडून मॅग्नेशिया बनतो. कॅल्शियम कार्बोनेट तसेच राहते. त्याचे विघटन सुमारे ९०० अंशांना होऊन चुना मिळतो. दोन्ही टप्प्यांत सुटणारा वायू समान असतो व दोन्ही क्रिया उष्णता शोषून घेतात. भोवतालच्या वायूचा दाब वाढला की दुसरा टप्पा अधिक तापमानाकडे सरकतो. उलट, तो वायू सतत काढून घेतल्यास दोन्ही टप्पे एकमेकांत मिसळतात.

या क्रमातच बांधकामातील धोका दडलेला आहे. चुना मोकळा होईपर्यंत आधीच सुटलेला मॅग्नेशिया भट्टीत तापत राहतो. त्याचे कण वाढून घट्ट होतात व पाण्याशी त्यांचा संयोग मंदावतो. कळीचा चुना पाण्यात तत्काळ विरतो. अतिभाजलेला मॅग्नेशिया तसाच राहतो. पुढे भिंतीतील ओलावा शोषून तो हायड्रॉक्साइड बनतो, तेव्हा त्याचे घनफळ दुपटीहून अधिक होते. परिणामी गिलावा फुगतो व तडकतो.

कंधार, उदगीर, औसा येथील किल्ल्यांसारख्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी चुना निवडताना हा भेद उपेक्षून चालणार नाही. थंड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच चुनखडक जोराने फसफसतो. डोलोमाइट मात्र भुकटी केल्याखेरीज फारसे फसफसत नाही. मॅग्नेशियायुक्त चुना वापरावयाचाच असेल, तर भाजणी आवश्यकतेपेक्षा अधिक होऊ देऊ नये आणि तो दीर्घकाळ पाण्यात मुरू द्यावा. ‘चुना विरला’ असे म्हणताना एकाच ढिगातील दोन द्रव्यांपैकी कोणते विरले, याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.