स्क्वेल्च (हौशी रेडिओ रिपीटर)

स्क्वेल्च हे रेडिओ ग्राहीमध्ये संदेश नसताना ध्वनी बंद ठेवणारे विद्युत मंडल होय. हातातील संचात ते केवळ कानांना त्रासदायक खरखर थांबवते. हौशी रेडिओच्या रिपीटरमध्ये मात्र प्रेषक चालू करण्याचा निर्णय याच मंडलावर सोपवलेला असतो. रिपीटर बहुधा डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर असतो आणि तेथे बटण फिरवायला कोणी नसते. त्यामुळे स्क्वेल्च चुकून उघडल्यास प्रेषक निष्कारण खरखर प्रसारित करतो. ते फार कडक ठेवल्यास दूरच्या क्षीण केंद्राची हाक रिपीटरपर्यंत पोहोचूनही वाया जाते.

एफएम ग्राहीच्या एका गुणधर्मावर ही रचना आधारलेली आहे. वाहक लहर नसताना डिस्क्रिमिनेटरमधून मोठा गोंगाट बाहेर पडतो आणि लहर येताच तो दबतो. मानवी बोलणे सुमारे 3 किलोहर्ट्‌झपर्यंत मर्यादित असल्याने त्याहून वरच्या कंप्रतांचा गोंगाट गाळणीने वेगळा काढतात, वर्धित करतात आणि एकदिशकारकाने त्याचे विद्युत दाबात रूपांतर करतात. हा दाब ठरावीक पातळीखाली आला की स्क्वेल्च उघडते. गोंगाट थेट डिस्क्रिमिनेटरपासून घ्यावा लागतो, कारण पुढील डी-एम्फसिस टप्प्यात उच्च कंप्रता क्षीण होतात. गाळणी ढिसाळ असेल, किंवा बोलणाऱ्याचे डेव्हिएशन प्रमाणाबाहेर असेल, तर आवाज चढताच ग्राहीत निर्माण होणारी विकृती गोंगाट समजली जाते आणि ऐन शब्दावर स्क्वेल्च बंद होते. अशा वेळी दोष पुष्कळदा रिपीटरच्या माथी मारला जातो.

उघडण्याची व बंद होण्याची पातळी एकच ठेवल्यास सीमेवरील संदेशाला प्रेषक सतत चालू-बंद होतो. म्हणून दोन्हींत थोडे अंतर ठेवतात. वेळेचा प्रश्न अधिक कठीण आहे. धावत्या वाहनातील संदेश क्षणोक्षणी कमीजास्त होतो, त्यासाठी बंद होण्यास विलंब हवा. पण त्याच विलंबामुळे प्रत्येक संभाषणाअखेर खरखरीचे शेपूट ऐकू येते. मोटोरोलाच्या मायकॉर संचांतील मंडलाने यावर सुबक तोडगा काढला: संदेश प्रबळ असल्यास ते जवळजवळ तत्काळ बंद होते, क्षीण असल्यास थोडे थांबते. रिपीटर बांधणाऱ्यांमध्ये ही रचना आजही प्रिय आहे.

सीटीसीएसएस पद्धतीत बोलण्यासोबत साधारण 67 ते 254 हर्ट्‌झ दरम्यानचा एक मंद स्वर पाठवला जातो आणि तो ओळखल्यावरच रिपीटर प्रतिसाद देतो. परक्या संदेशांपासून यामुळे बचाव होतो. तथापि, इतक्या कमी कंप्रतेचा स्वर थांबल्याचे ओळखण्यास वेळ लागत असल्याने गोंगाटावर चालणारे स्क्वेल्च काढून टाकता येत नाही. दोन्ही मंडलांनी एकाच वेळी संमती दिली तरच प्रेषक चालू व्हावा, अशी जोडणी केली जाते.