चक्रीफुलाची कॅप्सूल

मालवणी मसाल्यातलं चक्रीफूल तुम्ही पाहिलं असेलच. तपकिरी, कडक, आठ पाकळ्यांचं, आणि पाकळीपाकळीत एकेक चकचकीत बी. आता सांगा, या चक्रीफुलाचा आणि मीरा रोडच्या मेडिकलमध्ये लोक धावतपळत शोधतात त्या फ्लूच्या कॅप्सूलचा काय संबंध? ऐकून थक्क व्हाल: ती कॅप्सूल मुळात या चक्रीफुलापासूनच तयार झाली!

औषधाचं नाव ओसेल्टामिविर. टॅमिफ्लू हे त्याचं जगभर गाजलेलं ब्रँडनाव. चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं. दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या डोंगरांतून चक्रीफूल आणायचं, त्यातलं आम्ल काढायचं आणि एकामागून एक रासायनिक प्रक्रिया करत औषधापर्यंत न्यायचं. मूळ पद्धतीत मधेच अझाइड वापरावं लागतं, म्हणजे जरा हलगर्जीपणा झाला की स्फोटाचीच भीती! पुढे हेच आम्ल जिवाणूंकडूनही तयार करून घेऊ लागले. (म्हणून चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू जाईल असं मात्र समजू नका. आम्लापासून औषध होईपर्यंत रेणू पार बदललेला असतो.)

पण हे औषध करतं काय? फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या हजारो प्रती काढून घेतो. नव्या प्रती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि तिथेच अडकतात, कारण पेशीवरच्या एका साखरेला त्या घट्ट चिकटलेल्या असतात. सुटायचं कसं? विषाणूजवळ त्यासाठी खास कात्री असते: न्यूरामिनिडेज नावाचं विकर. एच1एन1 मधला ‘एन’ तो हाच. कात्रीने साखर कापली की विषाणू पुढच्या पेशीकडे मोकळा. ओसेल्टामिविर नेमकं या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन बसतं. पाती मिटतच नाहीत!

पात्यांमधली ही खाच माणसाला दिसली कधी? 1983 मध्ये ऑस्ट्रेलियात पीटर कोलमन आणि जोस वर्गीस यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने न्यूरामिनिडेजची रचना उलगडली. मग त्या खाचेच्या मापाने रेणू घडवायला सुरुवात झाली. ओसेल्टामिविर पुढे अमेरिकेतल्या गिलियाडमध्ये तयार झालं आणि 1999 मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली. यातही एक गंमत आहे. खाचेत बसणारा खरा रेणू आतड्यातून नीट शोषलाच जात नाही. म्हणून त्याला एक रासायनिक शेपटी जोडून कॅप्सूलमध्ये भरतात. ती शेपटी आपलं यकृत तोडतं. म्हणजे औषधाच्या कारखान्यातलं शेवटचं काम तुमच्या पोटात होतं!

आता घड्याळाकडे बघा. हे औषध विषाणूला मारत नाही, फक्त सुटू देत नाही. जे आधीच सुटले आणि पसरले, त्यांचं काय? म्हणून लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर फायदा सर्वांत जास्त. प्रकृती गंभीर असेल तर डॉक्टर उशिरानेही देतात, पण साध्या फ्लूत उशीर म्हणजे निम्मं काम वाया. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस 75 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. अवघ्या 10 कॅप्सूल!

या 10 कॅप्सूल मिळवणं एके काळी सोपं नव्हतं. 2009 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. तेव्हा हे औषध सरकारी यंत्रणेतूनच मिळे. पुढे दुकानात आलं, तेही ‘शेड्यूल एक्स’मध्ये, म्हणजे खास परवाना असलेल्या मोजक्या दुकानांतच. वाट्टेल तसं खाल्लं तर विषाणू औषधाला दाद देईनासा होईल, ही भीती होती, आणि ती खोटीही नव्हती. पण ज्या औषधाला 48 तासांचं घड्याळ आहे, त्यासाठी लोकांना शहरभर हिंडायला लावायचं? अखेर 2017 मध्ये ते ‘शेड्यूल एच1’मध्ये आलं. आता साधा परवाना असलेलं मेडिकलही ते ठेवू शकतं. प्रिस्क्रिप्शन मात्र हवंच, आणि डॉक्टरांचं नि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. माझ्या मते हा मध्यममार्ग उत्तम.

मग मीरा-भाईंदरमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर मेडिकल असूनही “नाहीये, मागवून देतो” का ऐकू येतं? कारण फ्लूचा मोसम असतो: एकदा जानेवारी ते मार्च, एकदा पावसाळ्यात. एरवी स्ट्रिप पडून एक्स्पायर होते, म्हणून दुकानदार मोजकाच माल ठेवतो. त्यात चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असलं, तर दुसऱ्या कंपनीचं तेच औषध परस्पर देण्याची त्याला कायद्याने मुभा नाही.

तेव्हा ताप चढला ती वेळ लिहून ठेवा. प्रत्येक फ्लूला हे औषध लागत नाही. पण घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा दमा, मधुमेह, हृदयविकाराचा पेशंट असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी ‘ओसेल्टामिविर’ लिहायला सांगा. दुकानं पालथी घालण्याआधी फोन करा, आणि कुठेच नसेल तर भाईंदर पश्चिमेच्या टेंबा रुग्णालयात, म्हणजे पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, चौकशी करा. मागवून देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: किती वाजेपर्यंत?