रिपोर्ट नॉर्मल, तरी विचारा

रक्त तपासून आत्महत्येचा धोका कळतो का? २०२३ मध्ये अमेरिकेत औषधांना दाद न देणारं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार असलेल्या ९९ रुग्णांचं रक्त ९९ निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत फरक आढळला. नैराश्य हा आजार आहे, मनाचा दुबळेपणा नव्हे. पण एखाद्याचा धोका ठरवणारी रक्ततपासणी अजून दवाखान्यात नाही.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ जरूर तपासा. त्यांच्या बिघाडानेही मन खचतं. मात्र रिपोर्टवर विसंबू नका. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने धोका वाढत नाही. ‘हो’ म्हटलं, तर एकटं सोडू नका. सोलापुरात सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो.